लियाकतभाईंनी न मारलेला व्हायरस

भोंगवलीपासून विंझरपर्यंत जिथं जिथं दुधाचे कॅन उतरतात, तिथं तिथं गेल्या वर्षी एक बातमी पोचली होती. शिवऱ्याच्या दूध संघात परदेशातून व्हायरस शिरला आणि भोरच्या लियाकतभाईंनी तो एकट्यानं मारला. भोंगवलीत तो व्हायरस चीनचा होता, विंझरला पोचेपर्यंत रशियाचा झाला. एकानं तर शपथेवर सांगितलं, "म्या सोता बघितला. पडद्यावर लाल लाल वळवळत व्हता."

व्हायरस नव्हताच. चीनचा नाही, रशियाचा नाही, गावठीसुद्धा नाही. जे काही झालं ते लियाकतभाईंच्या उजव्या हाताच्या एका बोटानं झालं, आणि हे सगळ्यांच्या आधी ज्याला कळलं तो माणूस म्हणजे खुद्द लियाकतभाई.

भाईंचं वय पंचावन्न. आधी भोरच्या बाजारपेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे. टीव्ही दुरुस्त करून वापरायचे दिवस सरले, तसे ते संघात दुधाची फॅट मोजायची यंत्रं सांभाळायला लागले. मग कॉम्प्युटर आले. "वायरी तर हितंबी हायत की," म्हणून तेही त्यांच्याच गळ्यात पडले. कोर्स केलेला नाही, पण पंख्याच्या आवाजावरून यंत्र थकलंय की रुसलंय ते सांगायचे. दूध गोळा करणाऱ्या केंद्रांवरच्या पोरांना त्यांचा एकच दम असायचा, "नुसता आकडा सांगू नगंस. आकड्याम्होरं काय लिवलंय, लिटर का मिली, ते आदी वाच!"

संघाचा मोठा कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, दोन कामं करायचा. चाळीस केंद्रांवरच्या दुधाची नोंद डेटाबेसात ठेवायची, आणि त्या चाळीसही केंद्रांच्या अँटिव्हायरसवर लक्ष ठेवायचं. महिनाभर तो कण्हत होता. मेमरी सत्त्याण्णव टक्के भरलेली. अँटिव्हायरसची खिडकी उघडायला लावून माणूस चहा पिऊन आला, तरी ती अर्धीच उघडलेली असायची. भाई रोज दुपारी सर्व्हर बंद करून चालू करायचे. तासभर तो ताजातवाना दिसायचा, मग पुन्हा तेच रडगाणं.

शेवटी भाईंनी पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावला. तिकडचा मुलगा बोलायला फार गोड.

"सर, डेटाबेसला लिमिट घातलंच नाहीये ना, सर. तो काय करतो, मिळेल तेवढी मेमरी घेऊन बसतो, सर. सोळा जीबीतले बारा त्याला द्या, चार बाकीच्यांना राहू द्या. सेटिंगमध्ये एक चौकट आहे बघा, सर. मी लाइनवर थांबू का, सर?"

"नगं नगं, कळलं," भाई म्हणाले. एवढ्याशा कामाला पोराला काय थांबवायचं! फोन ठेवला, चौकटीत बारा लिहिलं आणि ओके दाबलं.

चौकटीपुढं बारीक अक्षरात एमबी, म्हणजे जीबीचा हजारावा हिस्सा, लिहिलेलं होतं. तिथं बारा हजारांच्या वरचा आकडा हवा होता. तहानलेल्या बैलापुढं चहाची बशी ठेवावी, तसं झालं.

डेटाबेस जागच्या जागी बसला. अँटिव्हायरसची माहितीही त्याच डेटाबेसात, त्यामुळे तोही आंधळा झाला. केंद्राकेंद्रावर पडद्याच्या कोपऱ्यातली हिरवी ढाल लाल झाली आणि फोन सुरू झाले. "भाई, लाल झालंया! व्हायरस शिरला जनू!"

तेव्हाच भाईंच्या तोंडून "म्या आत्ताच कायतरी बदललंया" एवढं निघायला हवं होतं. पण संघाचे अध्यक्ष आनंदराव खोलीत आले ते निकाल घेऊनच. आनंदराव वाक्य कधी सुटं सोडत नाहीत, आधी "म्हंजे काय, तर"चं दावं बांधतात. "म्हंजे काय, तर पेन ड्राइव्ह. म्हंजे कुनाचा, तर बाईंचा."

बाई म्हणजे नूतन. विंझरहून एसटीनं येणारी, कंत्राटावरची ऑपरेटर. सकाळीच तिनं पोरीचा कॉलेजचा फॉर्म पेन ड्राइव्हवरून छापला होता. तिनं ते लपवलंही नाही. "व्हय साहेब, घातला व्हता. एकच पान व्हतं." आणि तिनं भाईंकडं बघितलं. ती त्यांना चाचा म्हणायची. चाचा सांगतील, एका पानानं असं होत नाही म्हणून.

चाचा कीबोर्डातली धूळ फुंकत राहिले.

हे बुधवारचं. गुरुवारी दुपारपर्यंत केंद्रांवर कागदावर नोंदी चालल्या. मग पुण्याच्या मुलानं कमीत कमी मेमरीवर डेटाबेस उघडायची युक्ती सांगितली. भाईंनी तो उघडला आणि ती चौकट पुन्हा बघितली. बारा. पुढं एमबी. मागं कुणी उभं नाही ना, म्हणून ते वळून बघायला लागले. चुकीपेक्षा त्या वळून बघण्याची लाज त्यांना पुढं जास्त वाटली.

त्यांनी आकडा सुधारला. दहा मिनिटांत ढाली हिरव्या झाल्या. मेमरी ऐंशीच्या आसपास गेली आणि तिथंच थांबली. बाहेर टाळ्या वाजल्या.

"म्हंजे काय, तर भाईंनी व्हायरस मारला!" आनंदराव म्हणाले. "सोमवारच्या सभेत शाल-नारळ. आन बाईंचं कंत्राट, ते बी त्याच सभेत बंद."

घरी कुलसुम भाकरी थापत होती. "शाल कसली देनार हायत? लोकरीची असली तर बरी," ती नवऱ्याला म्हणाली. भाईंनी तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला.

"मग आता?"

"बोललो तर सर्व्हर माझ्याकडनं काढून घेतील. ह्या वयात कॅन मोजायला बसवतील. आन केंद्रावरची पोरं हसतील ती येगळीच."

"हसू द्या की! तुमी त्यास्नी कमी दम दिलाय व्हय? आन त्या नूतननं काय केलंया वो? फॉर्मच छापला ना?"

भाई त्या दिवशी जेवले नाहीत. कुलसुमनं आग्रहही केला नाही. शुक्रवार गेला, शनिवार गेला. रस्त्यात माणसं टेम्पो थांबवून त्यांना हात करायची. भाई मान खाली घालून चालायचे, आणि लोक म्हणायचे, बघा, केवढा मोठा मानूस, पन गर्व न्हाई.

सोमवारी खांद्यावर शाल पडली. नारळ हातात आला. कंत्राट संपवायच्या कागदावर सही करायला बोलावलेली नूतन दाराशी उभी होती.

"म्हंजे काय, तर भाई, दोन शब्द."

भाईंचा घसा बसला होता. "व्हायरस न्हवता," ते म्हणाले. "चौकटीत म्या बारा लिवलं. म्होरं एमबी व्हतं, ते वाचलं न्हाई. हात माझा व्हता, नूतनचा काय बी संबंध न्हाई. आन हे मला गुरुवारीच कळलं व्हतं. म्या गप बसलो."

कुणी हसलं नाही. शेवटचं वाक्य त्यांनी गिळलं असतं तरी कुणाला कळणार नव्हतं. ते शाल काढून घडी घालायला लागले. घडी नीट बसेना. मदतीला कुणी उठलं नाही.

आनंदराव पहिल्यांदाच दावं न बांधता बोलले. "बसा."

कंत्राटाचा कागद सहीविनाच फायलीत परत गेला. सर्व्हर भाईंकडंच राहिला, पण एका अटीवर. आता भाई आकडा लिहितात, शेजारी उभी राहून नूतन पुढचं मोठ्यानं वाचते, मगच ओके. "वाचू का, भाई? एम. बी. परत वाचू?" चाचा म्हणणं तिनं सोडलंय. भाई म्हणतात, "वाच."

हे लिहिणारा नूतनचा भाचा. नकला करण्यात त्याचा हात धरणारं शिवऱ्यात कुणी नाही. संघाच्या खोलीत त्यानं आनंदराव केले, पुण्याचा सर-सर केला, कुलसुमचाचीसुद्धा केली. भाई पोट धरून हसले. मग डोळे पुसून म्हणाले, "आता माझी कर. सभेत बोललो तशीच. जमली तर एक प्लेट भजी माझ्याकडनं, न्हाई तर तुझ्याकडनं."

लिहिणाऱ्यानं लगेच हातावर टाळी दिली. बसलेला घसा, शब्द न् शब्द, सगळं हुबेहूब. खोली खदखदून हसली.

"चुकलं," भाई म्हणाले. "तवा कोन हसलं व्हतं?"

दुसऱ्यांदा केली, सावकाश. पुन्हा सगळे हसले. तिसऱ्यांदा नूतनमावशीच्या तोंडाकडं बघत "म्या गप बसलो"पर्यंत आला आणि आवाजच फुटला नाही. मग तो माडीवरून खाली उतरला आणि हायवेवरच्या टपरीवरून स्वतःच्या पैशानं कांदाभजी घेऊन आला.