आमसुली इंजिन

नंबराची चकती काढायची नाही, हा माझ्या गॅरेजचा नियम. जुन्या इंग्रजी गाड्यांच्या इंजिनावर, ब्लॉकच्या बाजूला, एक छोटी पितळी चकती ठोकलेली असते. तिच्यावर इंजिनाचा नंबर असतो. रंग द्यायच्या आधी मी तिच्यावर कागदी टेप लावतो, नखाने कडा दाबतो आणि मगच स्प्रे गन उचलतो. चकती हलली किंवा वाकली तर गाडीच्या खरेपणावरच शंका येते. इतक्या वर्षांत मी एकही काढली नव्हती. या हिवाळ्यात एक आपोआप निघाली.

गाडी दुर्गापुऱ्यातल्या डॉक्टरांची. डॉक्टर मूळचे पुण्याचे, इथल्या इस्पितळात आले आणि इथलेच झाले. त्यांची दोन सीटची, उघड्या टपाची गाडी आम्हा दोघांपेक्षा वयाने मोठी आहे. आठ वर्षांपूर्वी तिचं इंजिन मीच रंगवलं होतं. आता तेल गळायला लागलं म्हणून ती परत माझ्याकडे, खातीपुऱ्याला आली. ब्लॉक पुसताना एक रिव्हेट हातात आला, मग दुसरा, आणि चकती निखळून माझ्या तळहातावर पडली. तिच्या पाठीला रंगाचा एक पापुद्रा चिकटून आला होता. फॅक्टरीत दिलेला रंग. चकती ठोकली त्या दिवसापासून त्याला ना ऊन लागलं होतं, ना तेल, ना माझ्यासारख्या कुणाचा हात.

मी तो पाहिला आणि स्टुलावर बसलो.

बाहेरून गाडी कुठल्या रंगाची असावी हे मालक ठरवतो. इंजिनाचं तसं नसतं. ज्या कारखान्याचं इंजिन, त्या कारखान्याचा रंग. एकाचा हिरवा, एकाचा राखाडी, एकाचा सोनेरी. विंटेज गाड्यांच्या मेळाव्यात परीक्षक बॉनेट उघडतात तेव्हा आधी तोच बघतात. या दोन सीटच्या गाडीचा रंग मरून. पण मरून म्हणजे कुठला? कारखाना कधीच बंद झाला, डबे संपले, आणि इंटरनेटवर दहा फोटो पाहिले तर दहा मरून दिसतात.

माझं नाव झालं ते हा रंग पाहिलेला माणूस म्हणून. एकोणिसाव्या वर्षी मी सोडाल्याच्या एका गॅरेजात इंजिनं धुवायच्या कामाला लागलो. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि सावंतवाडीला परत न जाता इथेच, हिंदी मुलखात, राहिले. त्यांच्या पेन्शनीत माझं कॉलेज बसत नव्हतं. रॉकेल आणि ब्रश, एवढंच माझं शिक्षण. तिथे एकदा अशीच एक गाडी आली. कुठल्याशा ठिकाण्याच्या, म्हणजे रजपूत जहागिरीच्या, हवेलीत पडून होती, इंजिनाला कुणी पाना लावलेला नव्हता. मी ते धुतलं, आणि धूळ निघाल्यावर जो रंग वर आला तो मला ओळखीचा वाटला. आई सोलकढीसाठी आमसुलं भिजत घालायची, त्या वाडग्यातला. मी घरी येऊन आईला सांगितलं, "आज आमसुली इंजिन धुतलं." आई म्हणाली, "मग हात धू, नाहीतर जेवणाला रॉकेलचा वास येईल."

पुढे स्वतःचं गॅरेज टाकलं तेव्हा या शहरात तो रंग मूळ रूपात पाहिलेला मी एकटा होतो. गिऱ्हाइकाला मी तसंच सांगायचो. गिऱ्हाईक मान डोलवायचं.

बाकी इंजिनांचे रंग बनवून द्यायचा उस्ताद. सोडाल्यात त्याचं रंगाचं दुकान होतं, अजून आहे. मशीन न वापरता नुसत्या डोळ्यांनी रंग जुळवणारा. चिंचोका द्या, कापडाचा तुकडा द्या, तो काडीने ढवळत ढवळत तोच रंग डब्यात आणणार. पंधरा वर्षं मी त्याच्याकडेच जात होतो, आणि पंधरा वर्षं आमचा एकच खेळ चालायचा. तो भाव सांगायचा, मी कपाळाला हात लावायचो. "उस्ताद, रंग लेने आया हूँ, दुकान नहीं." तो म्हणायचा, "दुकान तो मैं तुझे मुफ़्त में दे दूँ मराठे, चला के दिखा." मी डबा तिथेच ठेवून स्कूटर सुरू करायचो. गल्लीच्या तोंडाशी विजेचा खांब आहे, त्या खांबापर्यंत जायचो. खांबापाशी पोचलो की मागून हाक यायचीच, "ओ मराठे! इधर आ, नाटकी!" मग चहा, मग मधला भाव. एकदा त्याने हाक मारायला उशीर केला, तर मीच खांबाला टेकून चप्पल झटकत उभा राहिलो. त्यावरून तो वर्षभर हसत होता.

आठ वर्षांपूर्वी डॉक्टरांचं इंजिन आलं, माझ्या गॅरेजातलं या रंगाचं पहिलंच, तेव्हा मी त्याला म्हणालो, "आमसुली चाहिए." तो म्हणाला, "ये कौन सी बला है?" हिंदीत या रंगाला शब्द नाही. कत्थई म्हटलं तर तपकिरी होतो, जामुनी म्हटलं तर जांभळा. मी घरी गेलो, बायकोच्या बरणीतून चार आमसुलं काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. "ये. बिलकुल ये."

दोन दिवसांनी त्याने डब्याचं झाकण उघडलं. आत काळपट, मंद, जवळजवळ जांभळाच्या सालीसारखा रंग. माझ्या आठवणीतली लाली कुठेच नव्हती.

"ये क्या है? डामर?"

"जो तूने दिया, वो है."

"मैंने आँखों से देखा है असली रंग!"

"तो आँखों से बना ले."

माझा आवाज चढला. शेजारच्या दुकानांतले लोक बाहेर आले. मी डबा उचलला, नालीत उपडा केला, आणि सगळ्यांसमोर म्हणालो, "उस्ताद, तेरी आँखों में जाला पड़ गया है. अब तू चूना घोल."

रंग जुळवणाऱ्याला हे बोलणं म्हणजे काय, ते मला कळत होतं. कळत होतं म्हणूनच बोललो. तो खाली वाकला. रिकामा डबा उचलून आत गेला. मी स्कूटर सुरू केली, खांबापर्यंत गेलो, आणि त्या दिवशी थांबलो नाही.

रंग मी दुसरीकडे मशीनवर बनवून घेतला. लालसर, भरलेला, मनातल्यासारखा. मेळाव्यात परीक्षकाने बॉनेट उघडलं, वाकून पाहिलं आणि इंजिनाच्या रंगाचे गुण कापले. डॉक्टर म्हणाले, "असू द्या हो." ते 'असू द्या' मला आजही बोचतं. आणि तिथेच, दोन गाड्या सोडून, मला उस्ताद दिसला. तोच परीक्षक त्याच्याशी बोलत होता, उस्ताद हात करून काही दाखवत होता. मी काय समजायचं ते समजलो. आठ वर्षं मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत आलो की सोडाल्यात एक रंगवाला आहे, त्याच्याकडे जाऊ नका, तो पाठीत सुरा मारतो.

आणि आता चकतीच्या पाठीवर तो रंग. काळपट, मंद.

मी घरात गेलो. गॅरेजच्या वरच राहतो. बायको गेल्याला चार वर्षं झाली. आमटीत आमसूल टाकणारं कुणी नाही, पण बरणी अजून फळीवर आहे. एक आमसूल काढून चकतीशेजारी धरलं. तोच रंग. तरीही मनाने मानलं नाही, आठवणीत तर लाल होता. म्हणून सवयीने रॉकेलचा बोळा घेतला आणि पापुद्र्यावरून फिरवला. क्षणात रंग उजळला. लाली वर आली, आईच्या वाडग्यातली, एकोणिसाव्या वर्षीची. मी बघत राहिलो. रॉकेल उडालं तशी लाली आत गेली आणि परत सुकं आमसूल उरलं.

इंजिन मी ओलं पाहिलं होतं. मी धुणारा होतो. ते वाळायच्या आत मला दुसऱ्या इंजिनाकडे पाठवत असत. उस्तादला मी दिलं ते आमसूल मात्र सुकं होतं. त्याने अचूक तेच बनवलं होतं.

रविवारी मुलाचा गुरगावहून फोन येतो. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "पापा, आमसूल मतलब ते काळं-काळं, आई खिचडीबरोबर द्यायची ते?"

"ते सारात असायचं."

"हां, तेच. तर सॉरी बोलून टाका ना अंकलला. सिंपल आहे." मग त्याला दुसरा फोन आला.

तीन दिवस मी चकती खिशात घेऊन फिरलो. डॉक्टरांना सांगायची गरज नव्हती, त्यांना फरक कळला नसता. चकती परत ठोकली असती तर हे कुणालाच कधी कळलं नसतं. चौथ्या दिवशी सकाळी सोडाल्याला गेलो.

उस्ताद दुकानात एकटाच होता. दाढी पूर्ण पांढरी, डोळ्यांवर जाड चष्मा. मी काउंटरवर चकती पालथी ठेवली आणि शेजारी आमसूल. त्याने दोन्ही उचलली, दारापर्यंत उजेडात नेली, पाहिली आणि परत आणून ठेवली. मग खालच्या खणातून डब्याचं एक झाकण काढलं. आमच्या धंद्यात बनवलेल्या रंगाचा एक ठिपका झाकणावर ठेवतात, पुढे जुळवायला. हे झाकण त्या डब्याचं होतं. डबा मी नालीत ओतला, झाकण त्याच्याकडे राहिलं होतं. ठिपका, पापुद्रा, आमसूल. तिन्ही एक.

मी म्हणालो, "उस्ताद, उस दिन मैंने सड़क पे कहा था. आज भी सड़क पे कहता हूँ." बाहेर जाऊन उभा राहिलो आणि मोठ्याने म्हणालो, "आँखें मेरी ख़राब थीं. इनका रंग सही था." शेजारची दुकानं बदललेली, माणसं नवीन. चादरी विकणाऱ्या एकाने मान वर केली, मी त्याच्याशी बोलतोय असं वाटून म्हणाला, "जी भाईसाहब?"

आत आलो. "एक बात बता. मेले में परीक्षक से क्या कहा था तूने?"

"कौन परीक्षक?"

"टोपीवाला. तूने हाथ से दिखाया था."

तो आठवत राहिला. "अच्छा, वो. पेशाब की जगह पूछ रहे थे."

मला हसू आलं. तो हसेल म्हणून मी थांबलो. तो कामाला लागला होता. तासाभरात त्याने डबा भरला, काडीवरचा थेंब झाकणावरच्या जुन्या ठिपक्याशेजारी ठेवला आणि डबा बंद केला.

"कितना?" मी विचारलं, आणि तो बोलायच्या आधीच कपाळाला हात लावला. "ज़्यादा मत बोलना, हाँ. रंग लेने आया हूँ, दुकान नहीं."

"जो आप ठीक समझें, साहब."

पंधरा वर्षांत त्याने मला कधी आप म्हटलं नव्हतं. मी म्हणालो, "बोल ना, कुछ तो बोल." तो म्हणाला, "आप से क्या भाव करना." रागाने नाही, अगदी सभ्यपणे. डॉक्टर असू द्या म्हणाले होते तसं.

योग्य वाटले तितके पैसे काउंटरवर ठेवले. डबा मात्र मी उचलला नाही. पूर्वीसारखा तिथेच ठेवून बाहेर आलो, स्कूटर सुरू केली, हळू चालवली. खांब आला. थांबलो. चप्पल काढून झटकली, तिच्यात काही नव्हतं.

मागून पावलं वाजली. चादरीवाला धावत आला होता, हातात डबा.

"भाईसाहब, आप ये भूल गए. चाचा ने भिजवाया है."

मी डबा पायांशी ठेवला. आरशात पाहिलं. उस्ताद दारात नव्हता.

डॉक्टरांचं इंजिन आता बरोबर रंगाचं आहे. चकती जागेवर बसली आहे. गाडी न्यायला आले तेव्हा डॉक्टरांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "थोडं काळं नाही वाटत का हो?"

"वाळल्यावर असंच दिसतं," मी म्हणालो.