चंद्रावतीचं मालासन

मोरा बंदरावरच्या कोळीवाड्यातली चंद्रावती आयुष्यात दोन गोष्टी मन लावून शिकली: मासळी निवडणं आणि उकिडवं बसणं. पहिलीवर तिचं घर चाललं. दुसरीचं मोल तिला साठाव्या वर्षी पनवेलजवळच्या करंजाड्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांनी सांगितलं, आणि वर तिची जागाही काढून घेतली.

वीस वर्षं ती बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी पहिली एसटी धरून पनवेलला यायची आणि करंजाड्यात बुधाजी शेतकऱ्याच्या बांधावर, भेंडीच्या डेरेदार झाडाखाली पाटी उतरवायची. तेव्हा तिथं भातशेती होती. पुढे शेतं सरकारी संपादनात गेली, बुधाजीला मोबदल्यात साडेबारा टक्के जमिनीचा भूखंड मिळाला, भूखंडावर बिल्डर आला आणि २०११ साली तिथं सात मजली ‘निर्वाणा रेसिडेन्सी’ उभी राहिली. नावात निर्वाण होतं, पण उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरवरून रोज तंटा व्हायचा. बांध गेला, भेंडी गेली, चंद्रावती तेवढी राहिली. झाडाच्या जागी गेट आलं, तर ती गेटाशी बसू लागली. सहाव्या मजल्यावर राहायला गेलेला बुधाजी दर बुधवारी मासळी न्यायला टोप घेऊन लिफ्टनं खाली यायचा आणि पाटीत खाडीच्या चिखलातल्या जिवंत निवट्या वळवळताना दिसल्या की लहान पोरासारखा हसायचा.

बुधाजीचा मुलगा कल्पेश हा सोसायटीचा सेक्रेटरी. लहानपणी भाजलेला सुका बोंबील हातात पडल्याशिवाय हा गडी शाळेत जात नसे, आणि तो बोंबील चंद्रावतीच्या पाटीतलाच असे. पुढे जमिनीच्या पैशातून मोठी गाडी आली, गाडीबरोबर पाठदुखी आली आणि पाठदुखीच्या मागोमाग अध्यात्म आलं. कल्पेशनं दहा दिवसांचं मौनाचं शिबिर केलं. दहा दिवस गप्प बसला आणि पुढचे दहा महिने त्याच विषयावर बोलत राहिला. घरात मासळी बंद झाली. म्हाताऱ्याला निवट्यांऐवजी उकडलेली ब्रोकोली मिळू लागली. ताटातल्या ब्रोकोलीकडे बघून तो विचारायचा, “ही झाडं कोन खातं?” मग त्याच्या निवट्या गुपचूप वॉचमनच्या केबिनमागं स्टोव्हवर शिजू लागल्या.

एके दिवशी गेटासमोर टेम्पो थांबला. त्यातून कमिटीनं मागवलेलं सोनेरी रंगाचं, पुरुषभर उंचीचं बुद्धाचं डोकं उतरलं. चंद्रावती रोज बसायची नेमक्या त्या जागी ते ठेवलं गेलं, भोवती पांढरे गोटे पसरले, कारंजं जोडलं आणि ‘शांती कोपरा’ असा फलक लागला. चंद्रावती टेम्पोतून पुढचं काही उतरतं का म्हणून वाट बघत राहिली. टेम्पोवाला मागची फळी लावून निघून गेला.

“काशिराम, धड कुठं हाय रं?” तिनं वॉचमनला विचारलं.

“धड नसतं मावशी. एवढंच मिळतं.”

“माझं गिऱ्हाईक मुंडकं टाकून धड नेतं. यांनी धड टाकून मुंडकं आनलं!”

काशिराम हसला नाही. तो बौद्ध होता. त्याच्या घरचा बुद्ध अख्खा होता आणि त्याच्यासमोर रोज वंदना व्हायची. इथंही ड्यूटीवर चढताना तो चप्पल काढून हात जोडायचा. अख्ख्या सोसायटीत त्या डोक्यासमोर हात जोडणारा तो एकटाच. बुद्धपौर्णिमेला त्यानं तिथं मेणबत्ती लावली, तेव्हा कमिटीनं त्याला नीट समजावलं की बाबा रे, ही मूर्ती धार्मिक नाही, डेकोरेशन आहे, आणि गोट्यांवर मेणाचे डाग पडतात.

पुढच्या आठवड्यात चंद्रावतीला सोसायटीची नोटीस आली. शांती कोपऱ्याशेजारी मासळी विकणं अहिंसेच्या वातावरणाला बाधक आहे, तरी पाटी हलवावी. ती वाचून दाखवायचं काम काशिरामच्याच वाट्याला आलं. चंद्रावतीनं पाटी दोन हात बाजूला सरकवली आणि बसली. जाणार कुठं? वीस वर्षांची गिऱ्हाइकं याच गेटातून येत होती, आणि पनवेलच्या प्रत्येक नाक्यावर कुणी ना कुणी कोळीण आधीच बसलेली.

रविवारी सकाळी गेटाच्या आत योगाचा वर्ग भरायचा. शिकवायला पनवेल शहरातून विनितामॅडम यायच्या. त्या दिवशी मालासन होतं. मालासन म्हणजे टाचा जमिनीला टेकवून उकिडवं बसायचं. वीस सुशिक्षित माणसं वीस चटयांवर बसू पाहत होती. कुणाच्या टाचा टेकेनात, कुणी मागं कलंडलं, आणि कल्पेशचे गुडघे तर सुपारी फोडल्यासारखे वाजले. विनितामॅडमची नजर गेटाबाहेर गेली. तिथं चंद्रावती उकिडवी बसून विळीसारख्या कोयत्यावर पापलेट साफ करत होती.

“बघा, बघा! परफेक्ट मालासन!”

वीस मोबाईल गेटाकडे वळले. चंद्रावतीला आत बोलावून चटईवर बसवलं.

“मावशी, असं किती वेळ बसू शकता?”

“मासली संपेपर्यंत.”

“आणि बसताना मनात काय असतं?”

“बरफ.”

“बर्फ?”

“इतलतो ना. दुपारपर्यंत मासली खपली नाय तर समदं गेलं.”

विनितामॅडमनी डोळे मिटले. “अनित्यता! सगळं क्षणभंगुर आहे. आपल्याला पुस्तकं वाचून कळत नाही, ते मावशी जगताहेत.” टाळ्या पडल्या. चंद्रावतीला वाटलं, चला, देव पावला.

“मंग बसू ना हितं, कल्प्या?”

वर्गासमोर ‘कल्प्या’ ऐकून सेक्रेटरी जरा दचकला, पण तो खुशीत होता. “बसा ना मावशी! दर रविवारी बसा. वर्गाच्या पुढं, चटईवर. मानधन देऊ. फक्त पाटी आणू नका.”

“पाटी नाय तर बसू कशाला?”

विनितामॅडमनी सगळ्यांना श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. नोटिशीचा चंद्रावतीला राग आला होता. पाटीशिवायच्या बसण्याला पडलेल्या त्या टाळ्यांनी मात्र तिचं काळीज चिरलं. ती उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि रस्ता ओलांडून पलीकडे विजेच्या खांबाशी जाऊन बसली. तिथं ना सावली, ना नळ, आणि दिवसभर डंपरची धूळ.

गिऱ्हाईक निम्मं झालं. बाया यायच्या, पण मासळीवर कोथिंबिरीची जुडी ठेवून, कापडी पिशवीत लपवून न्यायच्या. बुधवारी बुधाजी आला. पंच्याहत्तरीचा म्हातारा डंपर चुकवत, टोप छातीशी धरून रस्ता ओलांडून आला आणि तिच्याशेजारी उकिडवा बसला, टाचा टेकवून.

मागून कल्पेश धावत आला. “आबा, उठा! रस्त्यावर काय बसता? लोक बघतायत!”

“बगू दे. आइतवारी तुजी लोकं पैसं भरून हेच शिकतात ना?”

चारचौघांत आवाज चढवायला नको म्हणून, बापाच्या कानाशी बोलायला कल्पेशही खाली बसू गेला. टाचा टेकल्या नाहीत. तोल गेला आणि सेक्रेटरीसाहेब पांढऱ्या लेंग्यासकट धुळीत बसले. चंद्रावती हसली नाही. तिनं मासळीचाच हात पुढं केला. कल्पेशनं क्षणभर त्या हाताकडे बघितलं, मग तो धरला.

बुधाजी गेटाकडे, त्या सोनेरी डोक्याकडे बघत होता.

“पोरा, तुजं पन त्या मूर्तीवानीच झालं,” तो म्हणाला. “मुंडकं तेवढं आत नेलंस. धड हितंच रायलंय, बांधावर.”

त्यावर कल्पेश गप्प राहिला. या वेळी शिबिर नव्हतं, मॅडम नव्हत्या, आणि पुढं कुणाला सांगण्यासारखंही त्यात काही नव्हतं. हाताला मासळीचा वास लागला होता. तो हात त्यानं लेंग्याला पुसला नाही, एवढं चंद्रावतीनं पाहिलं आणि बुधाजीच्या टोपात निवट्या टाकायला घेतल्या.