टोक दिसेपर्यंत

विरारच्या एका इस्पितळात मी भूल द्यायला शिकत होते. अर्नाळ्याच्या एका मासळीवाल्या मावशींचं मनगट मोडलं होतं. सोनोग्राफीत बघत सुईने हात बधिर करायची माझी ती पहिलीच वेळ. हाताच्या नसा मानेतून खाली येतात, म्हणून सुई गळ्याशेजारी शिरली. तिथे खालीच फुफ्फुस असतं. पडद्यावर सुईचं टोक दिसेना. शिकवणाऱ्या मॅडम बघत होत्या, म्हणून लाजेपायी मी तशीच पुढे रेटणार होते. “दिसत नाहीये,” एवढंच पुटपुटले.

मान वळवून निजलेल्या मावशी म्हणाल्या, “दिसत नाय तं थांब ना, पोरी. मना घाई नाय.”

मी थांबले. टोक दिसल्यावरच औषध सोडलं. थोड्या वेळाने बोटं हलेनात, तेव्हा मावशी खुदकन हसल्या.

टोक दिसल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे मॅडमनी कितीदा तरी बजावलं होतं. पटलं मात्र ज्यांच्या गळ्याशी माझी सुई होती, त्यांनी सांगितलं तेव्हा.