वाणात गेलेली चित्रं

दिलेलं वाण परत मागायचं नसतं, हे मराठी घरात वाढलेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. मलाही ते चांगलं ठाऊक होतं. तरीसुद्धा या जानेवारीत मी स्टीलच्या वाट्यांची पिशवी स्कूटरला अडकवली, गोत्रीपासून सुभानपुऱ्यापर्यंत दारं वाजवत गेले आणि सासूबाईंनी हळदीकुंकवाला लुटलेलं वाण परत मागितलं. आमच्या नात्यागोत्यात त्याची चर्चा अजून चालू आहे. चालू द्या.

वाणात गेली ती माझी चित्रं होती. मी इथल्याच, बडोद्याच्या कला महाविद्यालयात चित्रकला शिकले. मग लग्न, मग लेक, मग मुलगा, आणि ब्रश साडीच्या खोक्यात घालून कपाटावर गेले. कुणी बंदी घातली नव्हती. घातली असती तर निदान भांडता तरी आलं असतं. इथे सगळे गोड बोलत होते आणि माझा दिवस सकाळच्या डब्यापासून रात्रीच्या दुधापर्यंत कापरासारखा उडून जात होता.

मुलगा चालायला लागला त्या सुमारास एका दुपारी तो झोपला आणि वाळलेल्या कपड्यांचा ढीग समोर असताना मी तो ढीग तसाच ठेवला. खोकं काढलं आणि चोकडीत जाऊन बसले. चोकडी म्हणजे स्वयंपाकघरामागची भांडी घासायची जागा. बडोद्यात मराठी घरांतही तिला चोकडीच म्हणतात. तिथे एक नळ, एक खिडकी आणि कडी असलेलं एक दार आहे. घरात मला मिळालेली कडी असलेली जागा तेवढीच, बाथरूम सोडून. पाटावर बसले, मांडीवर फळी घेतली आणि समोर पडलेली दुधाची बाटली काढायला लागले.

बाटलीचं बूच झालं, गळा झाला, आणि मुलगा उठून रडायला लागला. मी ब्रश ठेवला. दुसऱ्या दिवशी ते चित्र पुढे नेणार होते, पण पाहिलं तर बाटली तिथेच संपत होती आणि खाली नुसता पांढरा कागद होता, आणि ते बरोबर होतं. माझी दुपार अशीच होती. तेव्हापासून मी नियम केला: तो उठला की चित्र थांबलं, पुन्हा हात लावायचा नाही. एकच मोजा काढला, पायाच्या बोटांपाशी थांबलेला. दात उमटलेला पोळीचा तुकडा काढला. एकदा त्याची गादी चोकडीच्या दाराशी ओढून उशीवरचा त्याचा कान काढला. त्या दिवशी तो बराच झोपला, म्हणून कान पूर्ण झाला. उशी मात्र राहिली. प्रत्येक चित्राच्या खाली उजवीकडे, त्या पांढऱ्यात, मी बारीक सही करत असे.

"छंद असावा गं माणसाला," असं सगळे म्हणाले. या शब्दाचा मला संताप येतो. बाईनं रंग हातात घेतले की तो छंद, आणि छंद म्हटला की तो सगळ्यांच्या उपयोगी पडला पाहिजे. सोसायटीच्या गरब्याची मडकी रंगवायला मी. लेकीच्या शाळेचा चार्ट करायला मी. गणपतीच्या मखरावर वेलबुट्टी काढायलाही मीच. तेव्हा "थोडा वेळ काढ की" असं हक्कानं सांगितलं जायचं. मी स्वतःचं चित्र काढून चोकडीतून बाहेर आले की मात्र, "आज कपड्यांच्या घड्या राहिल्या वाटतं?"

डिसेंबरात कॉलेजच्या मैत्रिणीचा फोन आला. अलकापुरीतल्या एका छोट्या हॉलमध्ये ती काही जणींची चित्रं लावणार होती. माझ्या चित्रांचे फोटो तिनं मोबाइलवर पाहिले होते. "सगळी दे," ती म्हणाली. "एकाशेजारी एक लावू. पांढऱ्यासकट." लग्नानंतर पहिल्यांदा माझं काही भिंतीवर लागणार होतं. मी नवऱ्याला सांगितलं. मोबाइलवरची नजर न उचलता तो "अरे वा" म्हणाला.

संक्रांत आली. "वाणाचं माझ्यावर सोड," सासूबाई म्हणाल्या. "यंदा एकदम सरस काहीतरी आहे." मी खुशाल सोडलं. उलट बरं वाटलं, एक काम कमी झालं म्हणून.

हळदीकुंकवाला घर भरलं. सासूबाई हळदीकुंकू लावून वाण देत होत्या आणि मी दाराशी अत्तरदाणी घेऊन उभी होते. नवऱ्याच्या मावशींनी मनगट पुढे केलं. त्यांच्या दुसऱ्या हातात एक सोनेरी प्लॅस्टिकची फ्रेम होती. त्या फ्रेममध्ये माझ्या मुलाचा कान होता.

आधी कळलंच नाही. मग दिसलं की भोवतीचं पांढरं गेलंय आणि कान चारही बाजूंनी सोनेरी चौकटीला टेकलाय. मागच्या बाईच्या हातात मोजा होता. सोफ्यावर बसलेल्या खालच्या मजल्यावरच्या गुजराती बेनच्या मांडीवर बाटलीचा गळा. तळपायाची आग मस्तकात गेली आणि हातात अत्तरदाणी होती. बायका हसत होत्या, तिळगूळ देत होत्या, "तुमची सून फार हुशार हो" म्हणत होत्या. मी एकेकीच्या मनगटाला अत्तर लावून माझी चित्रं दाराबाहेर जाऊ दिली. भरल्या घरात सुनेनं आवाज चढवायचा नाही, हे मेलं कुठवर हाडात शिरलेलं असतं!

शेवटची बाई गेल्यावर मी विचारलं, "आई, कुणाला विचारून दिलीत?"

सासूबाईंचा चेहरा आनंदानं फुलला होता. "सगळ्या विचारत होत्या, कुठून आणलंत? म्हटलं, आमच्या घरचीच कला आहे."

"कुणाला विचारून?"

"अगं, अर्धवटच होती ना सगळी? एखादं पूर्ण झालेलं असतं तर मी हात लावला असता का? खोक्यात नकामीच पडली होती. पांढरं पांढरं कापून टाकलं, आता कशी भरलेली दिसतात! मनाला खोटं नको लावून घेऊस."

त्या खोटं बोलत नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. या बाईंनी आयुष्यात उरलेला घास टाकला नाही. शिळ्या भाताचा फोडणीचा भात करावा, तशी त्यांनी माझ्या उरलेल्या चित्रांची सोय लावली होती. फक्त भात त्यांचा नव्हता. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवण्यात आमच्या घरात कुणी कुणाला हार जाणार नाही.

"फ्रेमा कुठून आणल्यात?" मी विचारलं.

"मंगळबाजारातून. त्यानंच नेलं होतं गाडीतून."

मी नवऱ्याकडे वळले. त्याला ही चित्रं हॉलमध्ये लागणार हे माहीत होतं. ती वाणात जाणार हेही माहीत होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात होत्या आणि त्यांची एकमेकींशी गाठ घालून देण्याची तसदी त्या डोक्यानं घेतली नव्हती.

"लक्षात नाही आलं गं," तो म्हणाला. "पण चित्रंच आहेत ना? पुन्हा काढशील. दुपारभर घरीच तर असतेस."

"मुलगा दुपारी झोपायचा तेव्हा काढत होते मी ती."

"मग काढ की, तो झोपला की."

"तो आता दुपारी झोपत नाही."

"कधीपासून?"

मुलानं दुपारची झोप सोडून महिना होऊन गेला होता. बापाला ते ठाऊक नव्हतं. ठाऊक असायचं कारणच पडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वाट्या विकत घेतल्या. कुणाला रिकाम्या हातानं ठेवायचं नव्हतं. एका वाणाच्या बदल्यात दुसरं वाण, त्यात कुणाचं वाईट होणार नव्हतं. खालच्या बेननी एका वाक्यात बाटली हातात ठेवली. "आ तो तमारुं ज छे, लई जाव." तुमचंच तर आहे, न्या, म्हणत वाटीसुद्धा घेत नव्हत्या. दोन बायका खजील झाल्या. एकीनं "घ्या बाई" म्हणत दार जरा जोरात लावलं. मोजा घेऊन गेलेल्या बाईंनी तो लगेच आपल्या हळदीकुंकवात पुढे लुटला होता. वाणाचं असंच होतं, साबणदाणी चार घरं फिरून आपल्याच घरी परत येते. मी त्या पुढच्या घरी गेले आणि मोजा आणला.

सुभानपुऱ्याच्या मावशींकडे कान होता. त्यांनी तो टीव्हीशेजारी, गाड्यांच्या आणि नातवंडांच्या फोटोंमध्ये ठेवला होता.

"सवाष्णीनं दिलेलं वाण परत मागतेस?" मावशी म्हणाल्या. "घरात लहान मुलं आहेत तुझ्या. अपशकुन असतो."

"मावशी, तो माझ्या मुलाचाच कान आहे."

"तुझ्या सासूनं दिलंय मला. तुझं तुझं काय करतेस? त्यावर कुठे लिहिलंय तुझं आहे म्हणून?"

मी फ्रेम हातात घेतली, खालचा उजवा कोपरा पाहिला. तिथे सोनेरी प्लॅस्टिक होतं. सही पांढऱ्यात होती आणि पांढरं कापलं गेलं होतं. तोवर मी फक्त माझी चित्रं गेली म्हणून चिडले होते. त्या टीव्हीपुढे उभं राहून कळलं की त्या चित्रांतून मीच गेले होते, आणि एवढ्या बायकांत कुणालाही काही कमी वाटलं नव्हतं. घरची कला. सही कशाला लागते तिला?

मी वाटी टीव्हीशेजारी ठेवली, फ्रेम पिशवीत घातली आणि निघाले. मागून मावशी काय म्हणाल्या ते मला ऐकायचं नव्हतं. मी घरी पोचायच्या आत ते फोननं पोचलं होतं.

"माझं नाक कापलंस तू," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "तुझंच कौतुक केलं ना मी सगळ्यांपुढे?"

"कापलेले तुकडे कुठे आहेत?"

"कसले?"

"कडेचे. पांढरे."

"ते कशाला ठेवीन मी? कचऱ्याच्या गाडीत गेले."

त्यांचं वाईट वाटलं का? वाटलं थोडं. रागाला त्यानं काही फरक पडला नाही.

मैत्रिणीला फोन करून म्हटलं, ती कापलेली चित्रं मी देणार नाही, पण माझी जागा ठेव. मग रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर मी मुलांना नवऱ्यापुढे उभं केलं. "ही जागी आहेत," मी सांगितलं. "दोघंही. आणि जागीच राहणार आहेत." लेक आपली चित्रकलेची वही घेऊन त्याच्या शेजारी बसली. मी चोकडीत गेले आणि कडी लावली.

मुलगा दारापाशी आला. आधी हाका मारल्या, मग दार बडवलं, मग भोकाड पसरलं. बाहेरून सासूबाई म्हणाल्या, "अगं, उघड, रडतोय तो." नवरा म्हणाला, "दोन मिनिटं घे ना त्याला, मला फोन आलाय."

"नाही," मी म्हटलं.

दाराखालच्या फटीतून त्याची बोटं आत आली. चार बोटं, नखांत वरणभात. छातीत कालवलं, आणि त्याच कालवण्याचा संताप आला, कारण बाहेर दोन धडधाकट माणसं उभी होती आणि दोघंही ते माझ्या छातीत कधी कालवतं याची वाट पाहत होती. मी बोटं काढायला घेतली. मग दाराची फळी, कडी, खालची ओली फरशी, नळाची सावली. केव्हातरी बाहेर पावलं वाजली. नवऱ्याचा आवाज आला, "चल रे, बाइक बघायला जाऊ," आणि बोटं गेली. चित्रातली राहिली.

त्या दिवशी मला कुणी थांबवलं नाही. कागद चारही कडांपर्यंत भरला. कुठेही पांढरं उरलं नाही. सहीची वेळ आली तेव्हा हात सवयीनं खालच्या उजव्या कोपऱ्याकडे गेला. तिथून मी तो उचलला आणि चित्राच्या मधोमध, दाराच्या कडीवर, जाड काळ्या रंगानं माझं पूर्ण नाव लिहिलं.