गोठ्यातला डबा

गावात एक्स-रेची गाडी आली तेव्हा रांगेत सगळ्यात पुढं माझी सासू. तिला काडीचंही दुखणं नव्हतं, पण फुकट म्हटल्यावर सोडते कशाला! तिच्यामागं मीही उभी राहिले, कारण पिरंगुटच्या कंपनीत पॅकिंगला बसलं की माझा खोकला थांबायचं नाव घेत नव्हता. सासूची छाती स्वच्छ निघाली. माझ्या छातीत डाग दिसला, मग थुंकी तपासली आणि टीबी ठरला.

उपकेंद्राची सिस्टर घरी येऊन सगळ्यांना बसवून सांगून गेली. गोळी एकही चुकवायची नाही, दर महिन्याला ती वजन करायला येणार, आणि ताकदीसाठी हरभरे, शेंगदाणे, पावडरचा मोठा डबा मिळणार. हिच्या अंगावर मांस चढलं पाहिजे, नाहीतर जीवावर बेतेल, असं तिनं नवऱ्याकडं बघून बजावलं. त्यानं मान डोलावली.

त्याच संध्याकाळी सासूनं माझं अंथरूण पडवीत टाकलं. ताट वेगळं, तांब्या वेगळा, चुलीपाशी फिरकायचं नाही. शेण काढायला मात्र माझे हात चालत होते. औषधाबरोबर आलेलं सामान आत फडताळात गेलं आणि मला सकाळी पेलाभर पांचट दूध बाहेर सरकवलं जाऊ लागलं. पावडर घातलीय, असं सांगायचे. मी मुकाट प्यायचे.

पहिल्या महिन्यात काट्यानं जागा सोडली नाही, दुसऱ्या महिन्यात तो खाली आला. सिस्टरचा चेहरा उतरला. सासू पुढं होऊन म्हणाली की ही खातच नाही, नुसते नखरे. मीही अशी येडी, की आपल्याच अंगाला काही लागत नाही म्हणून पडवीत रडत बसायची.

आमच्या नवऱ्याला बैलगाडा शर्यतीचा नाद. घरात तेल नसलं तरी चालेल, बैलाला दूध, अंडी, खारीक चुकता कामा नये. तिसऱ्या वजनाच्या दिवशी सकाळी मी शेण काढायला गेले, तर हा गडी बैलाचं तोंड वर धरून बांबूच्या नळीनं काहीतरी पाजत होता. पायाशी माझा डबा, चमचा आत खुपसलेला. शेणाची कधी किळस आली नव्हती, त्या हाताची आली.

"घाटातली शर्यत जवळ आलीय," तो सहज म्हणाला. "तुला काय, पुढच्या महिन्यात परत मिळतोयच की."

माझं ताट बाटगं आणि माझा डबा चालतो! थू तुमच्या जिंदगानीवर, असं तोंडावर आलं होतं, पण खोकल्यानं बोलू दिलं नाही. तोवर सिस्टर अंगणात आली. काटा मांडला, मी उभी राहिले, वजन आणखी उतरलेलं. तिनं घाबरून विचारलं की नक्की काय खाताय. सासूनं नखऱ्यांचं तेच पुराण सुरू केलं. मी सिस्टरचा हात धरला आणि तिला थेट गोठ्यात नेलं.

"ह्याचं वजन करा, सिस्टर. माझ्या वाटचं ह्यानं खाल्लंय."

सिस्टर डब्याकडं बघत राहिली, मग नवऱ्याकडं. बैल खरंच देखणा झाला होता, पाठ नुसती तकतकत होती. तिनं डबा उचलला आणि सांगितलं की हा आता उपकेंद्रात राहील, रोज येऊन तिच्यासमोर प्यायचं. नवरा खाली मान घालून उभा होता. मला वाटलं, लाजला.

ती फाटकाबाहेर पडल्यावर तो माझ्यावर खेकसला, "भाईरच्या बाईला बैल दावलास. नजर लागली म्हंजी?"

सासू लगबगीनं आत गेली, मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि दृष्ट काढली. बैलाची.