मंगलाताई आणि न भरलेला खटला

बातमी आली ती आमच्या ग्रुपवर, "प्रेशर कुकर कोणाला हवाय?" या मेसेजच्या खाली. "आपल्या मंगलाताई आज सकाळी गेल्या." आणि त्याच्याखाली, कुकरला उत्तर म्हणून, एका भल्या गृहस्थाचं "अरे वा, मला हवा!" ताई असत्या तर सोफ्यावर आडव्या होऊन हसल्या असत्या.

तीस वर्षांपूर्वी नवऱ्याच्या नोकरीपायी त्या पुण्याहून टोकियोला आल्या, जपानी शिकल्या, आणि मग दोन्ही भाषांत बोलायच्या थांबेनात. "ताईंच्या पोटात काही राहत नाही," असं टोकियोतल्या आमच्या ओजिमा वस्तीतले आम्ही सगळेच म्हणायचो. म्हणून आता खुर्ची घट्ट धरून ऐका. सात वर्षांपूर्वी मी इथल्या पोलिसांच्या दप्तरी सायकलचोर होतो, आणि ताईंनी ते कोणालाही कळू दिलं नाही.

आपल्या मंडळींची इथे एक रीत आहे. भारतात परतणारं कुटुंब आपला संसार मागे राहणाऱ्यांना देऊन जातं... तवे, पडदे, कुंड्यासुद्धा. असाच परत निघालेला माझा मित्र देशपांडे विमानतळावरून फोनवर म्हणाला, "सायकल खाली स्टँडवर आहे. निळी, पुढे टोपली. आजपासून तुझी." स्टँडवर निळ्या, टोपलीवाल्या दोन होत्या. मी कुलूप नसलेली घेतली. चौथ्या दिवशी पोलिसाने सायकलीवरचं नोंदणीचं स्टिकर तपासलं. मालकीण निघाल्या शेजारच्या इमारतीतल्या एक जपानी आजी. इथवर नुसता गाढवपणा होता. पण मी पडलो कॉलेजात नाटकं केलेला माणूस! लाज वाटली आणि सायकल विकत घेतली म्हणून मी तिथल्या तिथे एक सायकलचं दुकान रचलं, दुकानदार रचला, त्याला मिशाही दिल्या. पोलीस बिचारे ते दुकान शोधत गल्लोगल्ली फिरून आले.

प्रकरण सरकारी वकिलाकडे गेलं. खटला झाला असता तर व्हिसा, नोकरी, मुलीची शाळा, सगळंच टांगणीला. पण इथे खटला न भरण्याचा अधिकार सरकारी वकिलाला असतो. ठरवण्याआधी तो सरकारच्या पुनर्वसन कार्यालयाला सांगू शकतो, या माणसाला थोडे दिवस सांभाळा, मग मला कळवा. माणूस मात्र राजी हवा. मी तर एका पायावर राजी होतो. कार्यालयाच्या खोलीत वाट बघत बसलो, दार उघडलं आणि नेमलेली स्वयंसेविका आत आली... मंगलाताई! माझं धाबं दणाणलं. त्यापेक्षा तुरुंग परवडला असता.

"हं, बोल," त्या म्हणाल्या. मी वीस मिनिटं बोललो, हातवाऱ्यांसकट. ताई चक्क गप्प. मग त्यांनी कागदावर एक ओळ लिहून पुढे सरकवली. 'सायकल माझी नव्हती, आणि ते कळल्यावर मी खोटं बोललो.'

"ताई, एवढंच?"

"खरं तेवढंच होतं रे. बाकीचं छान होतं."

तीन महिने दर बुधवारी त्यांच्यासमोर बसलो. सेवा म्हणून स्टेशनबाहेरच्या सायकली रांगेत लावल्या. ताईंना घेऊन आजींची माफी मागायला गेलो, तर आजींना सायकलीपेक्षा त्या मिशीवाल्या दुकानदारातच रस! शेवटी सरकारी वकिलासमोर मी ती एक ओळ म्हणालो. तो पुढच्या वाक्याची वाट बघत राहिला. ताईंनी टेबलाखाली माझा पाय दाबला. मी तोंड मिटून घेतलं... माझ्या आयुष्यातली सर्वांत अवघड भूमिका.

खटला भरला गेला नाही. बाहेर येऊन मी म्हणालो, "ताई, तुमच्यामुळे वाचलो."

"अधिकार त्यांचा, मेहनत तुझी. मी नुसती बसले होते. चल, भूक लागलीय."

गेल्या महिन्यात शोकसभेत जो तो ताईंच्या बडबडीचे किस्से सांगत होता. "पोटात काही म्हणून राहायचं नाही हो," कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. मला राहवेना. उभा राहिलो आणि मिशांसकट, ताईंसमोरच्या बुधवारांसकट सगळं सांगून टाकलं. बायकोला माहीत होतं, मुलीला नव्हतं. "उसो!" ती ओरडली, म्हणजे 'काहीतरीच काय!', आणि तोंडावर हात दाबून हसत सुटली.

मग पहिल्या रांगेतले जोशीकाका सावकाश उठले. हे आमचे सर्वांत कडक काका. कचरा चुकीच्या पिशवीत टाकला म्हणून अख्ख्या मजल्याला झापणारे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"माझा वार शुक्रवार होता," ते म्हणाले.

कोणी काही बोलायच्या आत मागच्या खुर्च्यांतून एका बाईचा बारीक आवाज आला.

"माझा सोमवार."