अबू शाहेरचा घोटा

करक शहराच्या खालच्या अंगाला आमचं गाव. तिथला मुफलिह, म्हणजे अबू शाहेर, पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून निवृत्त झाला आणि मग त्याला खरं काम लागलं. तो जाहात बसायला लागला.

कुणाच्या पोरीला मागणी घालायची असो, कुणाच्या पोरानं दुसऱ्याच्या गाडीला धडक दिलेली असो, नाहीतर भाऊबंदांत मेंढरांवरून डोकी फुटलेली असोत, आमच्याकडे जाहा जाते. प्रतिष्ठित माणसं तपकिरी झगे चढवून समोरच्याच्या दिवाणखान्यात जाऊन बसतात. यजमान कॉफी देतो. ती ते खाली ठेवतात आणि मागणं मान्य होईपर्यंत तिला तोंड लावत नाहीत. मान्य झालं की कॉफी, आणि कॉफीनंतर मनसफ. परातीएवढ्या थाळीत भात, त्यावर आंबट दह्याच्या रश्श्यात शिजलेलं मटण आणि मधोमध मेंढ्याचं डोकं, जीभ पाहुण्याकडे करून ठेवलेलं.

अबू शाहेर काही कुळाचा प्रमुख नव्हता. पैसेवाला तर नव्हताच. पण झग्यात तो भरून दिसायचा, दाढी छान पांढरी झाली होती, आणि कधी खाकरायचं हे त्याला कळत होतं. त्याखेरीज एक गुण मात्र त्याच्यात खरोखर होता, तो नाकारून चालणार नाही. दोन्हीकडचं नाक शाबूत ठेवून मधली नको असलेली अट तो अशी गुपचूप गायब करायचा, की ती होती हेही लोक विसरून जायचे. त्यामुळे मुलीचे बाप त्याला आवर्जून बोलावत. तोही आवर्जून जाई, आणि आवर्जून जेवे. ताटातली कलेजी तर लोक बोट दाखवून त्याच्या पुढ्यात सरकवत.

मग एका पहाटे त्याचा डावा घोटा पेटला. आदल्या दिवशी काही नव्हतं, आणि उठून बघतो तो घोटा लालबुंद, टम्म फुगलेला, पांघरुणाचं टोक लागलं तरी जीव जाईल असा. अबू शाहेरनं जाहीर करून टाकलं, की बसमधून उतरताना पाय मुरगळला.

त्याची मुलगी जुमाना जिल्ह्याच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती. दिवसभर ती लोकांचे घोटेच बघायची. फुटबॉल खेळताना पाय मुरगळलेली पोरं यायची. त्यांना ती आधी आराम, बर्फ, पट्टी आणि पाय उशीवर असं सांगायची, आणि सूज उतरली की एका पायावर उभं राहायला शिकवायची, नाहीतर तोच घोटा पुन्हा पुन्हा दगा देतो. टाचेमागची शीर धरलेले फौजदार यायचे. त्यांना भिंतीला हात लावून पोटऱ्या ताणायला लावायची, आणि सकाळचं धावणं थोडे दिवस बंद. सपाट तळव्यांचे मास्तर यायचे, सांधे झिजलेल्या आज्या यायच्या. बापाचा घोटा तिनं लांबूनच पाहिला आणि विचारलं, "बाबा, कोणत्या बसमधून उतरलात? काल तर तुम्ही घरातून बाहेर पडला नाहीत."

अबू शाहेर म्हणाला, परवाची बस होती, दुखायला आज लागलं. जुमाना म्हणाली, असं होत नाही, रक्त तपासून घ्या. यावर बापानं तिला सांगितलं, की घरात कुणी डॉक्टर नाही, आणि जी आहे ती फक्त व्यायाम शिकवते.

हाड बसवणारा हाजी अवाद गावातच होता. त्याच्याकडे गेलेल्या प्रत्येक माणसाचं काहीतरी सरकलेलंच असायचं. त्यानं घोटा दोन्ही हातांत धरला, 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि खेचला. अबू शाहेर असा ओरडला की शेजारच्या अंगणातली बाई भाजी टाकून धावत आली. हाजीनं वर अंड्याचा बलक आणि खजुराचा लगदा थापून फडकं गच्च आवळलं आणि म्हणाला, बसलं हाड. दुसऱ्या दिवशी पाय चपलेत मावेना. मेहुण्यानं निदान केलं, की नवीन बूट. चुलतभावानं केलं, की नजर. औषधांच्या दुकानदारानं एक मलम दिलं, त्याला पुदिन्याचा वास सुंदर येत होता.

शेवटी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि हसत सांगितलं, "काका, गाउट आहे. पूर्वी याला राजांचा आजार म्हणायचे."

अबू शाहेरची कळी खुलली. राजांचा आजार, आणि तो आपल्याला! पण बाई थांबल्या नाहीत. रक्तात युरिक ॲसिड वाढतं, त्याचे बारीक खडे सांध्यात जमतात, म्हणून ही आग. काहींच्या घराण्यातच असतं, काहींना वजनानं होतं, आणि तुमच्यासारख्यांना मटणानं भर पडते. आता आगीपुरत्या या गोळ्या, बर्फ, पाय वर, पाणी भरपूर. नंतर ॲसिड उतरवायची गोळी, ती रोज घ्यायची, दुखत नसलं तरी. आणि लाल मटण कमी, कलेजी, मेंदू, जीभ बंद.

राजाचा चेहरा पडला. आगीच्या गोळ्या त्यानं घेतल्या, पाच दिवसांत पाय बरा झाला, आणि बऱ्या पायाला रोजची गोळी कशाला, असं म्हणून ती त्यानं फळीवर ठेवून दिली. मटणाबद्दल तर बोलायलाच नको. जाहात जाऊन मटण न खाणं म्हणजे यजमानाच्या तोंडावर थुंकणं, हे तो डॉक्टरीणबाईंना सांगू शकला नाही. त्या राजधानीच्या, अम्मानच्या होत्या, त्यांना काय कळणार.

अशात जुमानाचं जमलं. मुलगा अयहम, शाळेत मास्तर, दिसायला बरा, बोलायला गोड. फक्त सगळ्यांना हो म्हणायचा. जुमानाला हो म्हणाला, आईला हो म्हणाला, आणि त्याच्या कुळाचे वडीलधारे शेख नहार यांनाही हो म्हणाला. शेखांची एक अट होती. सुनेनं इस्पितळ सोडायचं. आमच्या घरची बाई परक्यांचे पाय हातात घेत बसणार नाही.

जुमाना बापासमोर येऊन उभी राहिली. आवाज चढला नव्हता, पण डोळे भरलेले होते. "मला अयहम हवाय. पण नोकरी सोडून नको. तुम्ही इतक्या पोरींच्या अटी काढून दिल्यात बाबा. माझी एक काढाल?"

अबू शाहेर म्हणाला, ही काय अट आहे, ही तर चहात साखर विरघळावी तशी विरघळवतो. पोरीनं त्याच्या डोक्याचं चुंबन घेतलं. त्याला खरंच भरून आलं. आणि खरंच सांगायचं तर त्याला ते जमलंही असतं.

पण मुलाकडची जाहा यायच्या आदल्या दिवशी पलीकडच्या गावात एक समेट होता. अबू शाहेर तिथं गेला. कलेजी त्याच्या पुढ्यात आली. ती परत कशी सरकवायची?

सकाळी घोटा पुन्हा पेटला होता. जुमानानं बर्फ आणला आणि म्हणाली, आल्या आल्या सांगून टाका, पाय दुखतोय, उठता येत नाही. सगळे समजून घेतील. अबू शाहेर तिच्यावर उखडला. पोरगी मागायला आलेल्यांना बाप सांगणार, की मी लंगडा आहे? उद्या म्हणतील, घराण्यात आजार आहे. मी उठेन. एकदा उठायचंय, त्यात काय.

दारात उभं राहून स्वागत करायचं काम त्यानं भावाला दिलं आणि स्वतः आधीच गादीवर जाऊन बसला, पाय झग्याखाली झाकून. जाहा आली. पुढे शेख नहार, हातात चांदीच्या मुठीची काठी. सगळा दिवाणखाना उभा राहिला. शेख थेट मुलीच्या बापाकडे आले आणि हात पुढे केला. अबू शाहेरनं डाव्या पायावर भार टाकला, डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि तो होता तिथंच बसून राहिला. नुसता हसला. वेदनेनं वाकडं झालेलं ते हसू लोकांना फारच माजोरडं वाटलं.

आमच्याकडे माणूस खून पचवेल, पण आपल्यासाठी कुणी उठलं नाही हे पचवणार नाही. शेखांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते बसले, कॉफी आली, ती त्यांनी खाली ठेवली, आणि एक शब्द न बोलता उठून चालते झाले. मागोमाग सगळे. मागणी घातलीच नाही. आतल्या खोलीत जुमानाला पावलांचा आवाज ऐकू आला, आणि ती समजली.

दोन दिवस ती बापाला बर्फ आणून देत होती, उशी सरळ करत होती, आणि बोलत नव्हती. त्याला ते घोट्यापेक्षा जास्त लागलं. त्याची बायको उम्म शाहेर मात्र त्याला जे बोलायचं ते दोघींच्या वाटचं बोलली.

आता एकच मार्ग होता. अपमानाची माफी मागायला शेखांच्या घरी जाहा न्यायची. अबू शाहेरनं गावातले सगळे झगे गोळा केले, गोळ्या घेऊन पाय जेमतेम टेकण्याजोगा केला आणि निघाला.

शेखांचा दिवाणखाना लांबलचक. त्या टोकाला शेख बसले होते. जाहा आत आली. शेख उठले नाहीत.

क्षणभर कुणाचा विश्वास बसेना. घरी आलेल्या पाहुण्यांसाठी यजमान उठत नाही! मागून कुजबुज सुरू झाली. अबू शाहेरच्या चुलतभावानं त्याची बाही ओढली आणि म्हणाला, चल मागे, हा उट्टं काढतोय. दोन जण दाराकडे वळलेसुद्धा. आणखी अर्ध्या मिनिटात दोन कुळांचा संबंध पुढच्या पिढीपर्यंत तुटला असता.

अबू शाहेर शेखांच्या तोंडाकडे बघतच नव्हता. तो बघत होता उजव्या पायाकडे. बाकी सगळ्या थाटात एक पायमोजा वरून कापून सैल केलेला होता, आणि पाय गालिच्याला टेकू नये म्हणून किंचित उचललेला होता. शेखांच्या घोट्यात जुन्या लढाईतली गोळी आहे, हे सगळ्या तालुक्याला माहीत होतं. कोणती लढाई, हे कुणी विचारलं नव्हतं.

त्याला वाटलं, आता सगळ्यांपुढे बोलून मोकळं व्हावं, की शेख, ही गोळी मलाही लागलीय. पण पोरगी या घरात यायची होती. तो लंगडत पुढे गेला, न बोलावता शेखांशेजारी बसला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला.

"शेख, त्या दिवशी मी उठलो नाही, तो गर्व नव्हता. मला गाउट आहे. घोट्याला पांघरूण सहन होत नव्हतं. लाज वाटली म्हणून लपवलं, आणि तुमचा अपमान झाला. माझ्या पोरीचं त्यात काही चुकलेलं नाही."

आयुष्यभर दुसऱ्यांचं नाक सांभाळलेल्या माणसानं स्वतःचं सगळ्यांपुढे कापून ठेवलं होतं. शेखांनी काठीच्या मुठीकडे पाहिलं. मग मान खाली करून, फक्त त्याला ऐकू जाईल असं विचारलं, "कोणता पाय?"

"डावा."

"हं. उपाय काय करतोस?"

अबू शाहेरनं हळूच सांगितलं. बर्फ, पाय उशीवर, आग उतरवायच्या गोळ्या, आणि मग रोजची एक, ती आपण घेतली नाही हा गाढवपणा. खेचू कुणाला देऊ नका. रक्त तपासा म्हणून जुमानानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. मटणाचं त्यानं सर्वांत शेवटी सांगितलं. शेखांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं.

मग त्यांनी घसा साफ केला आणि सगळ्यांना सांगितलं, की कॉफी प्या, मन साफ आहे, आणि मुलीला मागणी आम्ही इथंच घालतो. मुलीच्या बापानं हो म्हटलं. आणि शेख पुढे म्हणाले, "पोरीनं आपलं इस्पितळाचं काम चालू ठेवावं. शिकलेल्या मुलीला घरात कोंडणाऱ्यातले आम्ही नव्हे." सगळा दिवाणखाना वाहवा म्हणाला. केवढं मोठं मन, केवढी नवी दृष्टी, असं परतीच्या वाटेवर लोक बोलत होते.

त्याआधी थाळ्या आल्या. शेखांनी बसल्या जागेवरून मेंढ्याची जीभ स्वतःच्या हातानं तोडून अबू शाहेरपुढे ठेवली. मुख्य पाहुण्यानं घास घेतल्याशिवाय बाकीच्यांना हात लावता येत नाही. पन्नासएक भुकेली माणसं त्याच्याकडे बघत होती. नुकताच जोडलेला सोयरा बघत होता. अबू शाहेरनं 'बिस्मिल्ला' म्हटलं आणि खाल्ली.

घरी आल्यावर त्यानं जुमानाला सगळं सांगितलं, शेखांच्या पायमोज्यासकट. त्याला वाटलं, पोरगी गळ्यात पडेल. ती हसली, तिचे डोळेही पाणावले, पण ती जागची हलली नाही.

"म्हणजे माझं काम चांगलं आहे म्हणून नाही," ती म्हणाली. "माझा हक्क आहे म्हणूनही नाही. म्हाताऱ्याचा घोटा दुखतो म्हणून माझी नोकरी राहिली. आणि उद्या तो बरा झाला तर काय, बाबा?"

अबू शाहेर गादीवर टेकला, डावा पाय दोन्ही हातांनी उचलून उशीवर ठेवला आणि खजील होऊन म्हणाला, "त्याची तू काळजी करू नकोस, पोरी. ते जेवायचे थोडेच थांबणार आहेत?"